केंब्रियाची मका गिरणी: करपल्याचा वास आणि त्यानंतरचा अर्धा तास

बुधवार, ३१ मे २०१७. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या ईशान्येला केंब्रिया नावाचं जेमतेम सात-आठशे वस्तीचं गाव आहे. तिथे डिडियन मिलिंग या कंपनीची मक्याची मोठी गिरणी. त्या रात्री पाळीवर १९ माणसं होती. साडेदहाच्या सुमाराला काही जणांना धूर जाणवला, काहीतरी करपल्याचा वास आला. अकराच्या आसपास गिरणीत एकापाठोपाठ एक स्फोट झाले आणि इमारती कोसळल्या. पाच कामगार गेले. उरलेले चौदाच्या चौदा गंभीर जखमी झाले. मालगाडीच्या डब्याखाली चिरडल्यामुळे त्यातल्या एका तरुण कामगाराला दोन्ही पाय गमवावे लागले. पाळीवरचा एकही माणूस त्या रात्री धडधाकट घरी गेला नाही.

वास येणं आणि स्फोट होणं यांच्यामध्ये साधारण अर्धा तास होता. या अर्ध्या तासात कामगार काय करत होते, तर वास कुठून येतोय ते शोधत होते. कामाची जाण असलेला, गिरणी आपली समजणारा कोणताही माणूस हेच करेल. म्हणूनच हे प्रकरण मला धान्य सुकवणाऱ्या, भरडणाऱ्या आणि साठवणाऱ्या प्रत्येक जागेच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मका आणि सोयाबीनचे ड्रायर हंगामात दिवसरात्र चालतात. तिथे करपल्याचा वास आला तर पहिली पाच मिनिटं काय करायचं हे पाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे. केंब्रियात ते कुणालाच नीट सांगितलं गेलं नव्हतं.

गिरणी आणि तिच्यातली धूळ

ही गिरणी १९९१ साली सुरू झाली आणि मग टप्प्याटप्प्याने वाढत गेली. एकाला लागून एक इमारती उभ्या राहिल्या. त्यांना ए, बी, सी, डी, एफ अशी नावं होती. आत मक्याची साल आणि अंकुर वेगळा काढायचा, उरलेल्या दाण्याची भरड, रवा, पीठ करायचं आणि तो माल न्याहारीचे पदार्थ, खाऊ, बिअर बनवणाऱ्यांना पाठवायचा, असा धंदा. कोंडाही वाया जात नसे. तोही दळला जाई आणि त्यासाठी गॅप मिल नावाच्या चक्क्या होत्या. अशा चक्कीत आतला फिरता भाग आणि भोवतालचं कवच यांच्यात अगदी बारीक फट असते, माल त्या फटीतून चिरडला जातो आणि हवेच्या ओढीने पुढे वाहून नेला जातो. चक्कीला हवा घेण्यासाठी एक तोंड असतं आणि त्यावर गाळणी बसवलेली असते. या गाळणीचा उल्लेख पुढे येणार आहे.

सालपट, कोंडा, पीठ हे सगळं मुळात जळण आहे. पोत्यात भरलेलं पीठ पेटवायला गेलात तर ते कसंबसं धुमसतं. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि एक कण पेटला की शेजारचा पेटायला क्षणही लागत नाही. मोकळ्या मैदानात याचा नुसता भडका होईल. बंद खोलीत, डक्टमध्ये म्हणजे हवेच्या नळीत किंवा धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पेटीत तोच भडका दाब निर्माण करतो आणि पत्रा, भिंत, छप्पर जे कमकुवत असेल ते फोडून बाहेर पडतो.

किती धूळ लागते याचा हिशेब कुणालाही करता येईल, आणि तो एकदा करून पाहावाच. हवेच्या एका घनमीटरमध्ये ५०-६० ग्रॅमच्या आसपास मक्याची बारीक धूळ तरंगत असली की स्फोट होऊ शकतो. आता समजा, पाच मीटर उंचीच्या खोलीत जमिनीवर फक्त एक मिलिमीटर धूळ साचली आहे. सैलसर साचलेल्या धुळीचं वजन घनमीटरला सुमारे ५०० किलो धरू. म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर अर्धा किलो धूळ झाली. ती सगळी उडून खोलीभर पसरली तर घनमीटरला १०० ग्रॅम. पुरेपूर स्फोटक. आणि एक मिलिमीटर धूळ म्हणजे काय, तर बोट फिरवलं की रेघ उमटते एवढी. आपल्या किती गोदामांत, किती ड्रायर-घरांत ती याहून कमी असते?

जमिनीवरची धूळ निदान दिसते तरी. वर तुळयांवर, केबलच्या ट्रेवर, डक्टच्या पाठीवर, दिव्यांच्या टोपणांवर महिनोन् महिने बसलेली धूळ सगळ्यात बारीक आणि सगळ्यात कोरडी असते. पहिला धक्का बसताच तीच आधी खाली येते.

अर्धा तास

केंब्रियाच्या घटनेचा तपास अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने, म्हणजे औद्योगिक अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने केला. अंतिम अहवाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. अहवालातून त्या रात्रीचं जे चित्र उभं राहतं ते असं.

धूर आणि वास जाणवल्यावर कामगार गिरणीत फिरून एकेक यंत्र बघू लागले. यंत्रांतून माल आणि हवा वाहत होती. शोधता शोधता ते बी इमारतीत, कोंडा दळणाऱ्या भागात पोचले. तिथल्या गॅप मिलपाशी माणसं उभी असताना एका चक्कीच्या हवा घेण्याच्या तोंडावरची गाळणी जोरात उडून पडली आणि त्या तोंडातून आगीचा लोळ बाहेर आला.

हा क्षण नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या तोंडातून हवा आत ओढली जायला हवी, त्याच तोंडातून ज्वाळा बाहेर आली. याचा अर्थ आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढला होता. आत धुमसणारा माल आणि हवेत उडालेली धूळ यांची गाठ पडली होती आणि पहिला भडका होऊन गेला होता. त्यानंतर पळायला वेळ उरलाच नाही म्हटलं तरी चालेल. आग डक्टमधून पुढच्या यंत्राकडे, धूळ गोळा करणाऱ्या फिल्टरकडे, तिथून आणखी पुढे गेली. एका यंत्रातला भडका दुसऱ्यात जाऊ नये म्हणून जे अडसर असतात, म्हणजे झटक्यात बंद होणाऱ्या झडपा, आग ओळखून रसायन फवारणारी यंत्रणा, ते जिथे हवे होते तिथे सगळीकडे नव्हते. यंत्र फोडून दाब खोलीत आला, खोलीत साचलेली धूळ उडाली, ती पेटली. हा दुसरा स्फोट. मग शेजारच्या इमारतीत तिसरा, असं करत गिरणी कोसळली.

धुळीच्या स्फोटात माणसं बहुतेक वेळा पहिल्या स्फोटाने मरत नाहीत. पहिला स्फोट यंत्रापुरता असतो. दुसरा अख्ख्या खोलीचा असतो आणि त्याला लागणारं इंधन आपणच आधी साठवून ठेवलेलं असतं.

आता मुळाशी जाऊ. चक्कीत धुमसणारा माल आला कुठून? घर्षणाने तापलेलं बेअरिंग, मालाबरोबर आलेला लोखंडाचा तुकडा, एखाद्या कोपऱ्यात अडकून तासन् तास तापत राहिलेला कोंडा, यांतलं कोणतंही कारण अशा यंत्रात पुरतं. धुमसणारा गोळा ही फार फसवी गोष्ट आहे. चुलीतला निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो आणि सकाळी फुंकर घातली की फुलतो, तसंच इथे होतं. बाहेरून करपलेल्या पिठाची ढेप दिसते, आत निखारा असतो. तो ज्वाळेने जळत नाही, म्हणून त्याला प्राणवायू फार लागत नाही. तो हळूहळू कार्बन मोनॉक्साईड आणि इतर ज्वलनशील वायू सोडत राहतो. ढेप हलली, फुटली, तिच्यावर हवा गेली की निखारा उघडा पडतो आणि भोवती धूळ उडालेली असेल तर त्याच क्षणी भडका उडतो.

म्हणून वास आल्यावर शोध घेणं इतकं घातक ठरतं. शोध घेताना माणूस झाकणं उघडतो, फटीतून डोकावतो, यंत्रावर हात मारून पाहतो, एखादं यंत्र बंद करून पुन्हा चालू करून बघतो. या प्रत्येक कृतीने ढेप हलते, हवा आत जाते किंवा धूळ उडते. आणि हे सगळं करताना अनुभवी माणसं नेमकी त्या यंत्राभोवती जमलेली असतात.

केंब्रियाच्या कामगारांना मी यात जरासाही दोष देणार नाही. वासाचा अर्थ काय आणि वास आल्यावर कोणी कोणता निर्णय घ्यायचा हे ठरवून, लिहून, शिकवून ठेवणं हे व्यवस्थापनाचं काम होतं. बोर्डाने नेमकं यावरच बोट ठेवलं: धुमसती आग आढळली तर गिरणी बंद करून माणसं बाहेर काढायची, अशी पद्धत तिथे बसवलेली नव्हती. कामगारांच्या अंगावर आगीपासून वाचवणारे कपडेही नव्हते. चौदा जणांच्या जखमांत भाजण्याचा वाटा किती मोठा होता हे लक्षात घेतलं तर ही बाब किरकोळ राहत नाही.

आणि धोका आधी कधी समोर आलाच नव्हता असंही नाही. दोनच दिवस आधी, २९ मे रोजी गिरणीत लहानशी आग लागली होती आणि अग्निशमन दलाला यावं लागलं होतं. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, धुळीच्या स्फोटापासून पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल सरकारी कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, कंपनीला नोटीस दिली होती. लहान आगी विझवल्या की काम पुन्हा सुरू होतं. त्या आगीचं कारण शोधायला बसलो तर पाळी बुडते, माल थांबतो, ट्रक उभे राहतात. धान्याच्या धंद्यात हा दबाव काय असतो हे हंगाम बघितलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. तरीही विझवलेली प्रत्येक आग हा पुढच्या आगीचा पत्ता असतो, आणि तो वाचायला एक दिवस देणं परवडलंच पाहिजे.

वहीतली साफसफाई

या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग तांत्रिक नाही.

स्फोटानंतर ओशाने कंपनीवर १८ लाख डॉलरहून जास्त दंड प्रस्तावित केला. बहुतेक आरोप जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचे होते. मग फौजदारी तपास झाला आणि २०२२ मध्ये आरोपपत्र आलं. गिरणीत धूळ साफ केल्याच्या नोंदींची वही होती. त्या वहीत खोट्या नोंदी केल्या जात होत्या, म्हणजे न झालेली सफाई झाली म्हणून लिहिली जात होती. २०२३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. दहा लाख डॉलर दंड झाला आणि पीडितांना १ कोटी २.५ लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी ज्युरीने कंपनीच्या दोघा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं.

अशी वही कशी तयार होते हे कुठल्याही कारखान्यात काम केलेल्याला कळेल. आठवड्याला अमुक मजला झाडायचा असं ठरतं. त्या आठवड्यात दोन माणसं कमी असतात, ऑर्डर मोठी असते, तो मजला झाडला जात नाही. पण वहीतला रकाना मोकळा ठेवला तर तपासणीत अडचण होईल, म्हणून तिथे सही होते. पुढच्या आठवड्यात ती सही करणं आणखी सोपं जातं. काही महिन्यांनी वही आणि गिरणी यांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही आणि वरच्या ऑफिसात बसलेला माणूस वही बघून समाधानी असतो. मोकळा रकाना हा इशारा असतो. भरलेला खोटा रकाना तो इशारा पुसून टाकतो. सुपरवायझरने ‘या आठवड्यात झालं नाही’ असं लिहिलं तर त्याच्यावर डाफरणारा मालक स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधत असतो.

धुळीच्या जाडीबद्दलही थोडं. अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस धान्य हाताळणाऱ्या जागांसाठी वेगळा नियम आला. १९७७ च्या डिसेंबरमध्ये लुईझियाना आणि टेक्सासमध्ये आठवड्याच्या आत दोन महाभयंकर स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसं गेली होती, त्यानंतरच्या दशकभराच्या वादावादीतून तो आला. त्यात धान्याच्या एलिव्हेटरसाठी, म्हणजे धान्य उतरवून साठवणाऱ्या केंद्रांसाठी, एक मर्यादा घातली आहे. बादल्यांनी धान्य वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरभोवती ३५ फुटांपर्यंतची जमीन, दळणयंत्रं असलेली बंदिस्त जागा आणि इमारतीच्या आत ड्रायर असेल तर ती बंदिस्त जागा, इथे धूळ एक अष्टमांश इंच झाली की ताबडतोब काढायची. एक अष्टमांश इंच म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. वरचा हिशेब पुन्हा लावा: पाच मीटर उंच खोलीत घनमीटरला ३०० ग्रॅम. माझ्या मते ही मर्यादा फारच सैल आहे आणि ती जमिनीपुरती आहे, तुळयांबद्दल बोलत नाही. नियमात ड्रायरची जागा एलिव्हेटर आणि चक्कीच्या पंक्तीला बसवली आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या ड्रायर-मालकांनी जरूर लक्षात घ्यावी.

ड्रायरमध्ये हेच कसं घडतं

केंब्रियात आग चक्कीत सुरू झाली. ड्रायर असता तर?

ओल्या मक्यात शेतातून येताना पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत ओलावा असू शकतो. साठवायला तो चौदा टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. उभ्या ड्रायरमध्ये धान्य वरून हळूहळू खाली सरकतं आणि गरम हवा त्याच्यातून आडवी जाते. दाण्यातलं पाणी उडत असतं तोवर दाणा हवेइतका तापत नाही, कारण उष्णतेचा मोठा भाग पाणी उडवण्यात खर्च होतो. ओलं, सरकतं धान्य स्वतःला असं सांभाळून घेतं.

घात होतो तो सरकणं थांबल्यावर. मक्याबरोबर तुटकी कणसं, सालपटं, दाण्याच्या बुडाची लालसर पातळ सालं, तण, कधी दोरी आणि पोत्याचा तुकडाही येतो. सोयाबीनबरोबर शेंगांची टरफलं आणि काड्या येतात. पूर्वसफाई नीट झाली नाही तर हा कचरा ड्रायरच्या आत कुठेतरी अडकतो आणि त्याच्यामागे धान्य अडकतं. बाकीचं धान्य पुढे जातं, हे तिथेच राहतं. गरम हवा त्याच्यावर चालूच असते. ते कोरडं होतं, मग ठणठणीत कोरडं, मग तपकिरी. आता पाणी उडण्यात उष्णता जात नाही, म्हणून तापमान चढतं आणि केंब्रियासारखाच धुमसणारा गोळा तयार होतो. फरक एवढाच की इथे पंख्याने ताजी हवा पुरवायची सोयही आयती असते. भट्टीत लाकूड किंवा शेतातला काडीकचरा जाळून गरम हवा थेट धान्यात सोडणाऱ्या ड्रायरमध्ये आणखी एक धोका असतो, तो म्हणजे हवेबरोबर ठिणग्या आत जाण्याचा. भट्टी आणि ड्रायर यांच्यामध्ये हवा गरगर फिरवून ठिणगी पकडणारा सायक्लोन नसेल तर हा धोका रोजचाच.

इथवर ही नुसती आग आहे. ती स्फोट कधी बनते? धुमसणारा गोळा ड्रायरच्या खालून बाहेर पडून कन्व्हेअरवर आणि तिथून बकेट एलिव्हेटरमध्ये गेला की. एलिव्हेटरच्या बंद पेटीत बादल्या धान्य उचलतात, वर जाऊन फेकतात, काही खाली सांडतं, त्यामुळे आतली हवा चालू असताना कायम धुळीने भरलेली असते. बादली गोळ्यावर आपटते, गोळा फुटतो, निखारा उघडा पडतो. धान्य साठवणुकीच्या जागांतल्या स्फोटांत बकेट एलिव्हेटरचं नाव वारंवार येतं ते याच कारणाने. घसरणारा पट्टा आणि तापलेलं बेअरिंग ही तिथली स्वतःची कारणं आहेतच, त्यात हे ड्रायरकडून आलेलं भर घालतं. एलिव्हेटर सायलोला, म्हणजे धान्याच्या उंच कोठीला, जोडलेला असतो, सायलो वरच्या गॅलरीला, आणि मग साखळी केंब्रियासारखीच.

अमेरिकेच्या त्याच नियमात अखंड चालणाऱ्या, थेट उष्णतेच्या ड्रायरसाठी दोन अटी आहेत आणि त्या मला फार शहाण्या वाटतात. वीज गेली, ज्योत विझली किंवा बाहेर हवा टाकणारा पंखा थांबला तर इंधन आपोआप बंद झालं पाहिजे. आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान प्रमाणाबाहेर चढलं तर ड्रायरमध्ये धान्य जाणं आपोआप थांबलं पाहिजे. पहाटे तीन वाजता पाळीवरचा माणूस डुलकी घेतो, यात त्याचा गुन्हा नाही. यंत्राने तेवढं स्वतः केलं पाहिजे. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे संवेदक असतात, पण हंगामात सारखा ड्रायर बंद पाडतात म्हणून तारेने जोडून निकामी केलेले असतात. संवेदक सारखा ड्रायर बंद पाडत असेल तर तो धान्य अडकतंय हे सांगत असण्याची शक्यता मोठी असते.

बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन मोनॉक्साईड मोजणं हा आणखी चांगला उपाय. नाकाला वास कळायच्या कितीतरी आधी तो वायू वाढायला लागतो. मात्र भट्टीचा धूर थेट धान्यात जात असेल तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक पाहावा लागतो, नुसत्या एका आकड्यावर भागत नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ लिहिलं गेलं ते याच विषयावर. स्फोट होऊ शकेल अशी धूळ निर्माण होत असेल तर यंत्रं बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, साचली तर काढा, आगीची सगळी कारणं दूर ठेवा किंवा झाकून ठेवा, आणि यंत्र दाब सहन करणारं नसेल तर स्फोट पसरू नये म्हणून अडथळे आणि दाब बाहेर सोडणारी तोंडं बसवा. केंब्रियात जे जे चुकलं ते जवळपास सगळं या एका कलमात आलेलं होतं. पण मक्याच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, व्यापाऱ्यांनी, छोट्या प्रक्रियादारांनी उभे केलेले कित्येक ड्रायर असे आहेत की तिथे हंगामात चार-सहा माणसं काम करतात. कारखाना म्हणून त्यांची गणनाच होत नाही, मग निरीक्षक कुठून येणार? तिथे सुरक्षा पोचवायची तर ती ड्रायर विकणाऱ्याकडून, बँकेकडून, विमा कंपनीकडून आणि कंपनीच्या संचालक शेतकऱ्यांकडूनच पोचेल.

या लोकांसाठी पहिल्या पाच मिनिटांचा क्रम असा आहे. तो ड्रायरच्या पॅनेलशेजारी, मराठीत, आणि बाहेरच्या राज्यातून आलेले मजूर असतील तर त्यांच्या भाषेतही, मोठ्या अक्षरांत लावलेला असावा.

वास किंवा धूर जाणवला की जो पहिला ओळखेल त्याने ड्रायर बंद करावा. त्यासाठी सुपरवायझरला विचारायची गरज नाही आणि वास खोटा निघाला तरी त्याला कुणी बोल लावायचा नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगितलेलं असावं. बंद करायचं म्हणजे आधी इंधन, मग पंखे, मग धान्य आत घेणं आणि बाहेर सोडणं दोन्ही. हवेची दारं लावून घ्यायची. एलिव्हेटर आणि पुढचे कन्व्हेअरही थांबवायचे, कारण निखारा पुढे गेला असेल तर तो तिथेच अडवायचा आहे. मग सगळी माणसं बाहेर, ठरलेल्या जागी. तिथे हजेरी घ्यायची. अग्निशमन दलाला फोन. दाराची झाकणं उघडून आत डोकावायचं नाही, कारण आत कोंडलेल्या धगीला हवा मिळाली की ती भडकते आणि आतला कार्बन मोनॉक्साईड माणसाला उभ्या उभ्या पाडतो.

दल आल्यावर त्यांना सांगायचं की आत धूळ आहे, पाण्याचा जोरदार फवारा थेट मारू नका, बारीक तुषार सोडा. जोराच्या धारेने साचलेली धूळ उडते आणि विझवायला गेलेल्यांवरच स्फोट होऊ शकतो. अमेरिकेत सायलोच्या आगी विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन जवानांचे जीव गेले आहेत. ड्रायरमधलं धान्य काढायची वेळ येईल तेव्हा ते एलिव्हेटरमधून न नेता थेट बाहेर मोकळ्या जमिनीवर सोडायचं, यासाठी ड्रायरच्या खाली वेगळं तोंड असावं लागतं. ते नसेल तर पुढच्या हंगामाआधी फॅब्रिकेटरला बोलावून बसवून घ्या. या सगळ्या खर्चात ते सगळ्यात स्वस्त पडतं.

जमिनीवर काढलेलं धान्य पातळ पसरून ओलं करायचं, दाताळ्याने उलटंपालटं करायचं, आणि विझलं असं वाटलं तरी निदान दोन दिवस त्यातलं काहीही गोदामात किंवा सायलोत जाऊ द्यायचं नाही. आग लागण्याच्या आधीच्या तासाभरात ड्रायरमधून जे धान्य पुढे गेलं ते कोणत्या सायलोत पडलं याची नोंद शोधायची आणि त्या सायलोवर कार्बन मोनॉक्साईडचं मीटर लावून पाळत ठेवायची. ड्रायर पुन्हा पेटवण्याआधी आतून पूर्ण रिकामा करून, खरवडून, अडकलेला शेवटचा थर कुठे होता ते बघायचं. त्या जागेचा फोटो काढून पुढच्या पाळीला दाखवायचा.